मदत हवी आहे: सशांचे मागचे पाय लुळे पडलेत, खाद्यावर संशय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.फार्म. करतोय. आमच्या अ‍ॅनिमल हाउसमधले ससे खाद्याची नवी पोती फोडल्यापासून मागचे पाय ओढायला लागलेत. नुसतं पाणी पाजलेला कंट्रोल गटही तसाच, म्हणजे आम्ही तपासतोय त्या अर्काचा दोष नाही. उंदरांचं खाद्य दुसरीकडून येतं, ते टुणटुणीत आहेत. सर म्हणतात, धरताना कणा दुखावला असेल. सशाचा कणा नाजूक, मान्य. पण सगळ्या पिंजऱ्यांत एकदम?

सशांच्या खाद्याच्या गोळ्या (पेलेट) जिथून येतात तिथेच ब्रॉयलरचं फीडही बनतं. त्यात कॉक्सीसाठी (कॉक्सीडिओसिस, कोंबड्यांचा आतड्याचा परजीवी रोग) सॅलिनोमायसिन हे औषध घालतात, साधारण किलोला 60 मिलिग्रॅम. मिक्सर नीट झाडला नाही तर आधीचा माल पुढच्यात उतरणारच. 1996 साली नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये मांजरांच्या कोरड्या खाद्यात हेच मिसळलं गेलं आणि शेकडो मांजरं पायांतून गेली, नसा (मज्जातंतू) खराब होऊन. कोंबडीला पचतं ते इतरांना पचेलच असं नाही. मोनेन्सिन हे त्याच गटातलं औषध घोड्याला किलो वजनामागे 2-3 मिलिग्रॅमनेही मारतं, कोंबडीला त्यासाठी 200 च्या आसपास लागतात.

सशात नस आधी जाते की स्नायू? आणि तपासायचं कुठे? मिलवाले फक्त "आमच्यात औषध नसतंच" म्हणतात.

प्रतिसाद १ : खाद्य आधी बंद करा, पण फेकू नका. सीलबंद पिशवीत फ्रीजरला ठेवा. सशात बहुधा स्नायूच जातात, म्हणून रक्तात सीके (क्रिएटिन कायनेज, स्नायू खराब झाले की वाढणारं एन्झाइम) बघा. भरपूर वाढलं असेल तर स्नायू. एखादा मेलाच तर मांडीचा स्नायू, हृदय आणि सायटिक नस तिन्ही 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये घाला. नस विसरतात लोक. मान वाकडी होतेय का? तसं असेल तर एन्सेफॅलिटोझून हा परजीवीही डोक्यात ठेवा, त्यानेही मागचे पाय जातात. उतारा नाही, फक्त सांभाळायचं. आणि टियामुलिन हे अँटिबायोटिक दिलंय का कुणी? आयोनोफोरबरोबर (सॅलिनोमायसिन, मोनेन्सिनचा गट) ते घातक, यकृतात आयोनोफोर मोडू देत नाही.

मूळ लेखक : मान सरळ आहे, टियामुलिन नाही. सीके आजच पाठवतो. एथिक्स कमिटीलाही कळवलंय, सर जरा नाराज आहेत, असू देत. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात नमुना थेट घेतात का, की कॉलेजचं पत्र लागतं?