टाकी भरली तरी पेट्रोलचा काटा पाऊणवरच: दोष नेमका कुठे शोधावा?

जुनी_पण_चालू

माझ्याकडे 1997 सालची, कार्ब्युरेटर असलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. आरटीओकडून तिची नोंदणी पुढे वाढवून घेतलेली आहे आणि इंजिनाबाबत माझी काहीही तक्रार नाही. पेट्रोलच्या काट्यावर मात्र आता विश्वास ठेवता येत नाही. टाकी काठोकाठ भरली तरी काटा पाऊणच्या जरा वर जाऊन थांबतो. अर्ध्यापासून पावपर्यंतच्या टप्प्यात तो मधूनच हळूहळू खाली बसतो आणि एखादा खड्डा लागला की पुन्हा वर येऊ लागतो. रात्री दिवे लावल्यावर तो आणखी किंचित उतरतो, ही गोष्ट मला सर्वांत चमत्कारिक वाटते. तापमानाचा काटा व्यवस्थित चालतो आणि रिझर्व्हचा पिवळा दिवाही योग्य वेळी लागतो.

एका वायरमनने संपूर्ण मीटर (डॅशबोर्डवरचा काट्यांचा संच) बदलण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने टाकीतील फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग, बदलावा असे सांगितले. या गाडीचे नवे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे अंदाजाने काही विकत घेण्यापूर्वी दोष मीटरमध्ये आहे, टाकीत आहे की मधल्या वायरिंगमध्ये, हे घरच्या घरी ठरवता येईल का? माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे.

तांब्याची_तार

ठरवता येईल, आणि तुम्ही दिलेल्या लक्षणांतच निम्मे उत्तर आहे. मीटर बदलण्याचा सल्ला तूर्त बाजूला ठेवावा. या पिढीतील बहुतेक गाड्यांमध्ये पेट्रोल आणि तापमान या दोन्ही काट्यांना मीटरमधील एकाच छोट्या व्होल्टेज रेग्युलेटरकडून वीज मिळते. तो बिघडला असता तर दोन्ही काटे एकाच दिशेने चुकले असते. तुमचा तापमानाचा काटा बरोबर आहे, म्हणजे संशय मागच्या बाजूकडे सरकतो.

टाकीतील पातळी मोजणाऱ्या युनिटची रचना साधी असते. फ्लोटच्या दांडीला जोडलेला एक पितळी स्पर्शक रोधाच्या (विजेला अडथळा करणाऱ्या) तारेच्या वेटोळ्यावर सरकतो. जपानी बनावटीच्या, तसेच त्या धर्तीच्या अनेक गाड्यांमध्ये टाकी भरलेली असताना हा रोध सुमारे 3 ते 5 ओहम आणि रिकामी असताना 110 ओहमच्या आसपास असतो. म्हणजेच रोध जितका कमी, तितका काटा वर. आता या मार्गात कुठेही 7-8 ओहमचा गंज शिरला, तर रिकाम्या टाकीच्या 110 मध्ये त्याची भर कळतही नाही, पण भरलेल्या टाकीच्या 4 ओहमचे 12 झाले की काटा पाऊणवर अडकतो. तुमच्याकडे चूक वरच्या टोकाला मोठी आहे आणि खालच्या टोकाला नगण्य आहे. अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारा परतीचा जोड, खराब झाल्याची ही अगदी ठरलेली खूण आहे.

दिवे लावल्यावर काटा उतरण्याचे कारणही तेच आहे. मागचे दिवे आणि टाकीचे युनिट यांची अर्थिंगची तार बऱ्याच गाड्यांत मागच्या पत्र्यावर एकाच बोल्टाखाली आवळलेली असते. तो सांधा गंजला की दिव्यांचा प्रवाह तिथून जाताना तेथील व्होल्टेज थोडे उचलले जाते, आणि काट्याच्या दृष्टीने ते रोध वाढल्यासारखेच असते.

तपासणी अशी करावी. मागची सीट उचलून युनिटवरचे झाकण काढावे. किल्ली चालू ठेवून, मल्टीमीटर व्होल्टवर लावून, त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे युनिटच्या धातूच्या चकतीला लावावे. लांब तार लागेल, पण ती साधी चालेल. मल्टीमीटरची टोके आधी घट्ट बसवून मगच किल्ली फिरवावी, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडण्याचा प्रश्न येत नाही. एक दशांश व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसला तर अर्थिंग सदोष आहे. मग दिवे लावून तोच आकडा पुन्हा पाहावा.

मीटरची खात्री करायची असल्यास युनिटकडची सिग्नलची तार किल्ली बंद असताना सोडवून, 3-4 वॉटच्या लहान बल्बमधून गाडीच्या पत्र्याला टेकवावी आणि मग किल्ली चालू करावी. बल्ब लागून काटा सावकाश वर चढू लागला, तर मीटर आणि पुढची तार दोन्ही शाबूत आहेत. तार थेट पत्र्याला लावून ठेवू नये. जुन्या मीटरमध्ये काटा हलवणारी द्विधातूची पट्टी तापून चालते आणि तिला जास्त प्रवाह सोसत नाही. काटा सावकाश हलतो, तोही याच पट्टीमुळे.

शंकेखोर_पुणेकर

काट्याला दोष देण्यापूर्वी पंपावर पेट्रोल पूर्ण मिळते का, हेही पाहायला नको का? माझ्या गाडीच्या पुस्तिकेत टाकी 35 लिटरची लिहिली आहे आणि पंपाच्या पावतीवर एकदा 36 पेक्षा जास्त आकडा आला होता.

तांब्याची_तार

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पुस्तिकेतील क्षमता ही नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतची धरलेली असते. वर वाफेसाठी मोकळी जागा राखलेली असते आणि शिवाय भरण्याची नळी असते. त्यानंतरही आग्रहाने भरत राहिल्यास लिटर-दोन लिटर अधिक मावते. मापाविषयी शंका असल्यास प्रत्येक पंपावर मुद्रांकित 5 लिटरचे माप असते. ते मागून आपल्यासमोर मोजायला लावण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, आणि 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. पण मूळ प्रश्नातील काटा खड्ड्यात वर-खाली होतो आणि दिव्यांमुळे उतरतो, त्याचे खापर पंपावर फोडता येणार नाही.

डिझेलभक्त

एक सावधगिरीची सूचना. वर दिलेले ओहमचे आकडे सगळ्या गाड्यांना लावू नयेत. अनेक युरोपीय गाड्यांत क्रम उलटा असतो, म्हणजे रिकामी टाकी सुमारे 10 ओहम आणि भरलेली 180 ओहम. अशा गाडीत अर्थिंग खराब झाले की काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो, आणि माणूस घाटात अडकतो तो याच प्रकारात.

गॅरेज_शेजारी

युनिट बाहेर काढण्याची वेळ आलीच, तर थोडे स्पष्टच लिहितो, कारण या कामात लोक फार निष्काळजी असतात. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. त्यामुळे हे काम बंद पार्किंगमध्ये किंवा तळघरात करू नये, गाडी उघड्यावर घ्यावी. टाकीत शक्य तितके कमी पेट्रोल असताना, इंजिन गार असताना आणि बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवूनच स्क्रू सोडवावेत. व्होल्टची तपासणी त्याआधी, युनिट जागेवर घट्ट असतानाच उरकून घ्यावी. वायरचा हातदिवा वापरू नये आणि अग्निशामक हाताशी असावा. चकतीभोवतीची माती आधी ब्रशने झाडून काढावी, नाहीतर ती टाकीत पडून पुढे फिल्टर आणि कार्ब्युरेटरचे जेट (बारीक छिद्रे) तुंबतात.

तुमची गाडी कार्ब्युरेटरची असल्याने पंप इंजिनावर आहे आणि टाकीत फक्त फ्लोटचे युनिट आहे, हे एक सुख आहे. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत पंपही त्याच संचात असतो आणि नळ्यांत दाब असतो, तिथे हे काम जाणकाराकडेच द्यावे.

जुनी_पण_चालू

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. दिवे बंद असताना युनिटची चकती आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात 0.7 व्होल्ट आले आणि दिवे लावताच ते 1.2 च्या पुढे गेले. काळ्या तारेची कडी हिरवट पडली होती, आतली तार तुटक झाली होती आणि बोल्टाखाली रंग व गंज यांचा एकजीव थर होता. तार मागे कापून नवी कडी दाबून बसवली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले. आता आकडा 0.05 व्होल्टच्या आत आहे. भरलेल्या टाकीला काटा वरच्या रेघेला टेकतो आणि दिव्यांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

अर्ध्याच्या खाली काटा बसण्याचा प्रकार मात्र तसाच राहिला, म्हणून युनिटही काढले. फ्लोट हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरल्याचा आवाज नाही. दांडी हाताने फिरवत ओहम मोजले, तेव्हा 112 पासून आकडा नीट उतरत येतो, पण मधल्या भागात दोन ठिकाणी जोड पूर्णपणे तुटतो. भिंगातून पाहिल्यावर तेथे वेटोळ्यावर स्पर्शकाने पाडलेली चमकदार खाच आणि तिच्या कडेला काळपट थर दिसतो. हे दुरुस्त होते, की पुण्यात नाना पेठेतील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात युनिट शोधत फिरावे? आणि हा एथेनॉलमिश्रित पेट्रोलचा परिणाम म्हणावा काय?

तांब्याची_तार

एथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराला, बुचाच्या (कॉर्कच्या) गॅस्केटला त्रास देते, हे खरे. पण तुम्ही वर्णन केलेली खाच निव्वळ घर्षणाची आहे. बहुतेकांची टाकी नेहमी अर्धी-पाव अशीच फिरत असते, त्यामुळे स्पर्शक त्याच पट्ट्यात वर्षानुवर्षे घासतो आणि वेटोळे तेथेच झिजते. इंधनामुळे युनिटे खराब होण्याचे ठळक उदाहरण 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियाना भागात घडले होते. तेथे पेट्रोलमध्ये राहिलेल्या गंधकाने युनिटमधील चांदीचे स्पर्शक काळे करून टाकले होते. तुमच्या युनिटचे दुखणे ते नाही.

वेटोळ्याची तार तुटलेली नसेल तर युनिट वाचते. तार तुटली असती तर त्या जागेच्या एका बाजूला आकडा आलाच नसता. तुमचा येतो, म्हणजे तार अखंड आहे आणि स्पर्श तेवढा सुटतो. प्रथम कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने काळा थर काढावा. पॉलिश पेपर अजिबात लावू नये, ती तार केसाएवढी बारीक असते आणि दोन हातांत कापली जाते. मग बारीक चिमट्याने स्पर्शकाचे टोक किंचित बाजूला वाकवावे, म्हणजे ते जुन्या खाचेशेजारच्या न झिजलेल्या रेषेवर चालेल. दाबही थोडा वाढवावा, पण अगदी बेताने, कारण जास्त दाबाने नवी खाच लवकर पडते. त्यानंतर दांडी सावकाश फिरवून आकडा कुठेही न तुटता उतरतो, हे दोन्ही दिशांनी पाहावे.

दांडी वाकवून काटा जुळवण्याचा मोह टाळावा. तिने एक टोक जुळते आणि दुसरे बिघडते. या मीटरांत मधल्या भागात थोडी चूक राहणारच, तेव्हा खालचे टोक बरोबर असणे महत्त्वाचे धरावे. तुमचा रिझर्व्हचा दिवा दांडीवर नव्हे, तर बहुधा टाकीच्या तळाशी असलेल्या वेगळ्या थर्मिस्टरवर (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या भागावर) लागतो, म्हणून त्याच्याशी काटा ताडून पाहता येईल.

परत बसवताना गॅस्केट नवीनच वापरावे आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. त्यानंतर टाकी पूर्ण भरून गाडी चढावर काही वेळ उभी करावी आणि चकतीच्या कडेने ओल किंवा वास येत नाही याची खात्री झाल्यावरच झाकण आणि सीट जागेवर बसवावी.