वाइनमेकरसोबतचं जेवण: पाच कोर्स की एक ताट?

गिरगावकर
मुंबईतल्या हॉटेलांत वाइनमेकरला समोर बसवून जी जेवणं होतात, त्यांचा साचा ठरलेला आहे: नाशिक किंवा अकलूजकडची वायनरी, पाच कोर्स, प्रत्येक कोर्सला एक वाइन, ग्लासात साधारण ६० मिली. हा साचा मोडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. बशीत एका वेळी एकच पदार्थ येतो अशा जेवणासाठी तो घडला. आपल्याकडे तळलेल्या बोंबलासोबत तांदळाची भाकरी, सोलकढी, कोशिंबीर येणारच. ते सगळं काढून दोन बोंबील पांढऱ्या बशीत मांडले, तर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन जुळेल, पण आपलं जेवण हरवेल.

माझा प्रस्ताव असा: एक ताट आणि तीन ग्लास एकदम. एक स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, एक किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, एक हलकी रेड. घास बदलेल तसा माणूस ग्लास बदलेल. आपली वाइन लोणच्यापुढे टिकते की नाही, हे वाइनमेकरलाही तिथेच कळेल.

द्राक्षवेल
टिकणार नाही, आणि त्यात वाइनचा काही दोष नाही. कोकम, लिंबू, कैरी जिभेवर असताना वाइनचा आंबटपणा जाणवेनासा होतो आणि ती पाणचट लागते. पदार्थापेक्षा वाइन थोडी तरी जास्त आंबट हवी. सोलकढीपुढे हे जवळपास अशक्य.

तिखटाचंही तसंच. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोल आणखी हळवं करतं. मालवणी मटणावर १४ टक्के अल्कोहोलची शिराझ ही रेड घेतली की तोंड पेटतं आणि फळाचा स्वाद कुठल्या कुठे जातो.

शिवाय तापमान. स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांना, पांढरी ८ ते १२ला, रेड १६ ते १८ला द्यायची. तिन्ही एकदम ओतल्या आणि ताट पाऊण तास चाललं, तर एसी खोलीतसुद्धा पहिल्या दोन कोमट होणार. कोर्स म्हणजे परदेशी थाट नव्हे. प्रत्येक वाइन तिच्या योग्य क्षणी तोंडात पडावी, यासाठीची ती व्यवस्था आहे.

गिरगावकर
तापमानाचा मुद्दा मान्य. मग ६० मिली एकदम ओतू नका. ३० मिली आधी, ३० मिली नंतर. बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत. नुसता बर्फ नको, पाणी असलं की बाटली सगळीकडून गार राहते. आंबटाचं उत्तर स्पार्कलिंग देते. तिचा आंबटपणा चढा असतो आणि बुडबुडे तळणाचा तेलकटपणा धुऊन काढतात. सोलकढी पिताना वाइन प्यायचीच नाही, एवढं पाहुण्याला समजतं.

वाढपी
दोघांचं भांडण स्वयंपाकघरात आहे, जेवण मात्र बिघडतं ते बाहेर. बोंबलात पाणी भरपूर, त्यामुळे तळल्यावर कुरकुरीतपणा जेमतेम काही मिनिटं टिकतो. बशी समोर आल्यावर वाइनमेकर मातीबद्दल आणि ओक पिंपांबद्दल बोलायला उभा राहिला, तर बोंबील मऊ आणि वाइन गरम. भाषण वाइन ओतताना व्हावं, बशी येण्याआधी, जास्तीत जास्त तीन मिनिटं.

हिशेबही नीट करा. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे १२ ग्लास बसतात. ४० पाहुण्यांना प्रत्येक वाइनच्या चार बाटल्या लागतात, पण पाच मागवा. बुचाची बाटली बिघडलेली निघू शकते; तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. म्हणून प्रत्येक बाटली ओतण्याआधी चाखायलाच हवी, एक चाखून चार ओतायच्या नाहीत. फिरकीच्या झाकणात हा धोका फारच कमी.

आणि टेबलावर मोगरा नको, दारात उदबत्ती नको. ग्लास पुसायच्या फडक्याला साबणाचा वास असेल, तर पाचही वाइन्स वाया जातात.

बांगडा_तिरफळ
ताटाच्या बाजूने आहे, पण ती रेड काढा. माशाच्या तेलाशी वाइनमधलं लोह भिडलं की तोंडात धातूसारखी, शिळ्या माशाची चव येते. रेडमध्ये लोह बहुधा जास्त असतं आणि बांगडा तर तेलकट मासा. रेड कितीही हलकी असली तरी हा धोका राहतो. तिच्या जागी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रोझे (गुलाबी वाइन) ठेवा. तिखट मात्र आटोक्यात आणता येतं: कालवणात नारळाचं दूध वाढवा, कोकम निम्मं करा. दुधातली चरबी मिरचीची धार कमी करते.

द्राक्षवेल
कोकम निम्मं, तिखट कमी… म्हणजे वाइनसाठी पदार्थ बदललाच की! मग ‘आपलं जेवण’ या मुद्द्याचं काय उरलं?

गोडाचं तर तुम्ही कोणीच बोलला नाहीत. आपल्या ताटात गोड शेवटी येत नाही, सुरुवातीपासून सोबतच असतं. पुरणपोळीच्या घासानंतर कोरडी वाइन आंबट-कडू लागते, कारण वाइन पदार्थापेक्षा गोड असावी लागते. उशिरा तोडलेल्या गोड द्राक्षांची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँसुद्धा गुळाच्या पुरणापुढे कमी पडते. हलका श्रीखंडाचा चमचा चालेल, तोही ताट उचलल्यावर.

गिरगावकर
रोझे मान्य, गोड नंतर हेही मान्य. पण नारळाचं दूध वाढवणं म्हणजे पदार्थ मोडणं नव्हे. घरोघरी कालवणाचं प्रमाण वेगळंच असतं. बशीत एकटा बोंबील ठेवणं मात्र मोडणंच आहे. आणखी एक: पाच ग्लास म्हणजे ३०० मिली, १३ टक्क्यांनी सुमारे ३१ ग्रॅम अल्कोहोल. तीन ग्लासांत ते १९ ग्रॅमच्या आत राहतं.

वाढपी
१९ ग्रॅम असले तरी गाडी चालवायची नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. थुंकायचं भांडं प्रत्येक टेबलावर ठेवा, ते मागायला पाहुणा लाजतो. ताट असो वा कोर्स, माझी अट एकच: लोणचं आणि सोलकढी वेगळ्या वाटीत, ग्लासांच्या दुसऱ्या बाजूला, आणि साधा भात मधोमध. जीभ धुवायला पावापेक्षा तो बरा.

द्राक्षवेल
भाताचं पटलं. तेवढा तो कोर्सांच्या मधेही वाढा.