शाळेच्या फळ्यावरचा रोजचा सुविचार बंद करावा का?

फळा_आणि_खडू
सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत 18 वर्षं शिकवतोय. परिपाठात रोज एक मूल सुविचार वाचतं आणि तो दर्शनी फळ्यावर लिहिला जातो. श्रद्धा, धैर्य, नेतृत्व, कष्ट, फिरून फिरून विषय हेच. मागच्या महिन्यात वरच्या वर्गांना विचारलं, काल फळ्यावर काय होतं? 60 मुलांपैकी दोघांना सांगता आलं. त्यातली एक म्हणजे तो लिहिणारी मुलगीच.

म्हणून एक करून पाहिलं. 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे' हे आपण सगळेच लिहितो. त्याच्या आधीच्या ओळी कोणी लिहीत नाही. तुकोबा म्हणतात, सवय करून करून माणसं बचनाग तोळा तोळा खातात, इतरांना ते डोळ्यांनी बघवत नाही. साप हातात धरतात, बघणारे कापतात. बचनाग म्हणजे जहाल विषारी मूळ, हे सांगितल्यावर वर्ग एकदम जागा झाला. एका पोराने विचारलं, "सर, पहिल्या दिवशी किती खाल्लं असेल?" अभ्यास म्हणजे काय ते त्या प्रश्नात आलं. आता तो अभंग मुलांना पाठ आहे, मी पाठ करा म्हटलं नव्हतं.

माझं म्हणणं, रोजचा सुविचार बंद करावा. महिन्याला एकच वचन घ्यावं, पण पूर्ण, आणि कोणी कधी म्हटलं त्यासकट. शाळेतल्या सहकाऱ्यांचा विरोध आहे. तुमचं मत सांगा.

रात्रपाळी
सर, मी नर्स आहे, मुंबईत. 2020 च्या मे-जूनमध्ये आमच्या वॉर्डाच्या बोर्डावर कोणीतरी मार्करने लिहून ठेवलं होतं, 'रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग.' एवढंच. पीपीई किट चढवायच्या आधी मी रोज ते वाचायचे. तो अभंग कुठला, पुढे काय, त्या वेळी विचारायला कोणाला फुरसत होती? ती अर्धी ओळ मला आत नेत होती, तिने तिचं काम केलं. तुम्ही म्हणता तसा महिनाभर अर्थ समजून घेत बसले असते तर त्या दिवसांत काही उपयोग नव्हता. पाणी तहानेला लागतं. रोजचा सुविचार बंद करू नका. कुठल्या मुलाला कुठल्या दिवशी कुठली ओळ लागेल हे तुम्हाला आधी कसं कळणार?

आळंदीची_वाट
ताई, तुमच्या कामाला नमस्कार. पण तुमचंच उदाहरण सरांच्या बाजूचं आहे. बोर्डावर रोज नवी ओळ नव्हती, तीच होती. आमच्या घरी तीन पिढ्या हरिपाठ आहे. रोज संध्याकाळी तेच अभंग, त्याच क्रमाने. लहानपणी कंटाळा यायचा. वडील गेले त्या संध्याकाळीही म्हटला, आणि रोज तोंडातून जाणारी ओळ त्या दिवशी पहिल्यांदा कानात गेली. मोबाइलवर सकाळी सूर्योदयाच्या चित्रासकट रोज वेगळं वचन येतं, त्यात नेम कुठे आहे?

आणि त्या अभंगाची पुढची ओळ 'अंतर्बाह्य जग आणि मन' अशी आहे. युद्ध बाहेरच्या जगाशी आहे, तसंच आत मनाशीही.

रात्रपाळी
दादा, ती ओळ मला नंतर कळली. पण ती काय सांगते ते तेव्हाच कळलं होतं, घरी येऊन लेकराला दारातूनच बघायचे तेव्हा.

सून_थोरली
सर, तुमचा उपाय मला पटत नाही. सगळा संदर्भ दिला की वचन सुधारतं असं तुम्ही धरून चालला आहात.

लग्नानंतर पहिली सात वर्षं मी एक वचन दररोज ऐकलं. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असू द्यावे समाधान.' मला बी.एड. करायचं होतं, तेव्हा हे. माहेरी आठ दिवस जास्त राहायचं होतं, तेव्हा हे. शेवटी तुकोबांची गाथा उघडून पूर्ण अभंग वाचला. वाटलं होतं, पुढे काहीतरी सुटका असेल. पुढे आहे, 'वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ, भोगणे ते फळ संचिताचे.' पूर्ण वाचून मी जास्तच खचले.

मला आधार मिळाला तो दुसऱ्याच ओळीतून. 'दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली.' 1630 च्या दुष्काळात ज्याची बायको अन्नावाचून गेली, तो माणूस समाधानाचं बोलतोय, आणि ते स्वतःच्या मनाला बोलतोय. त्याने ते कुठल्या सुनेला गप्प बसवायला म्हटलं नव्हतं. माझ्या घरी ते सांगणारे स्वतः एकाही गोष्टीत समाधानी नव्हते. तेव्हा मुलांना वचन कोणी म्हटलं ते सांगाच, पण कोणाला म्हटलं तेही सांगा.

(बी.एड. केलं. वयाच्या 34 व्या वर्षी.)

वाचनकट्टा
माझा सरांना ठाम विरोध आहे, कारण वेगळं आहे. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत जो शेवटचा सल्ला दिला, त्यात 'शिका, चळवळ करा, संघटित व्हा' असा क्रम होता. मराठीत 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' रूढ झालं. क्रमावरून आजही वाद होतात, मीही घातलेत. आणि त्याला लागूनच ते म्हणाले होते, स्वतःवर विश्वास ठेवा. न्याय आपल्या बाजूने असताना ही लढाई आपण हरू कशी, हे मला दिसत नाही. हा भाग भिंतींवर सहसा नसतो, तो असायला हवा, इथपर्यंत सरांशी सहमत.

पण माझ्या आजोबांना सही करता येत नव्हती. त्यांच्यापर्यंत ते तीन शब्दच पोचले, आणि तेवढ्यावर त्यांनी चारही पोरांना शाळेत घातलं. आधी सगळा संदर्भ समजून घ्या, मग वचन उच्चारा, अशी अट असती तर ते दाराबाहेरच राहिले असते. ज्याला दिवसाकाठी दोन ओळींपेक्षा जास्त काही वाचायला मिळत नाही, त्याच्याकडून त्या दोन ओळी काढून घेऊ नका.

बी_शिफ्ट
नेतृत्वाच्या वचनांबद्दल बोलतो. आमच्या कारखान्यात गेटवर महाराजांच्या नावाने रोज वचन लागायचं. बहुतेक आत्ताच्या मॅनेजमेंटच्या भाषेतली, महाराजांच्या कुठल्या पत्रात असतील असं वाटतही नाही. त्याच वर्षी ओव्हरटाइमचे पैसे सहा महिने अडकले होते.

खरं वाचायचं तर प्रभावळीचे सुभेदार रामजी अनंत यांना 1676 साली गेलेलं पत्र वाचा. भाजीच्या देठालाही मन दाखवू नकोस, म्हणजे त्याचाही लोभ धरू नकोस, हे त्यातलंच. पुढे काय करायचं तेही आहे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैल दे, खायला नसेल तर दाणे दे, आणि वसूल करताना वाढीदिढी, म्हणजे व्याज, न लावता फक्त मुद्दल, तेही त्याला ताकद आल्यावर, हळूहळू. हा हुकूम आपल्या अधिकाऱ्याला आहे, रयतेला नाही. थोरल्या ताईंनी जे म्हटलं तेच. आमच्या गेटवर मात्र महाराजांच्या नावाची वचनं कामगारांच्या डोक्यावर टांगली होती.

सर, एक विचारतो. तुमच्या शाळेत मुलांसाठी फळा आहे. शिक्षकांसाठी आहे का?

फळा_आणि_खडू
नाही. 18 वर्षांत कधी सुचलंही नाही.

वाचनकट्टा, तुमचे आजोबा वाचल्यावर 'बंद करा' हा माझा शब्द मागे घेतो. रोजची ओळ राहील, महिन्याचं वचन वेगळ्या फळ्यावर घेऊ. नर्सताई, तुमच्याशी मात्र अजून वाद आहे. तुम्ही 2020 मध्ये होतात, माझी मुलं 10 वर्षांची आहेत. त्यांना अजून तहान लागलेली नाही.

रात्रपाळी
सर, 10 वर्षांच्या मुलांना तहान लागलेली नसते असं वाटत असेल तर एकदा आमच्या मुलांच्या वॉर्डात या.

फळा_आणि_खडू
खरं आहे. माझ्याच वर्गातल्या तिघांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, मुलं आजीकडे आहेत. सोमवारी त्यांनाच विचारतो, फळ्यावर काय लिहू.