तिसरा मजला, बॉक्स ग्रिल, गच्चीला कुलूप: हॅम अँटेना लावू कुठे?

गॅलरीतली_लहर
नमस्कार मंडळी. हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना हातात पडून महिना झाला, एचएफचा (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) दहा वॅटचा सेटही मित्राकडून मिळाला, आता घोडं अडलंय अँटेनापाशी. डोंबिवलीत चार मजली जुनी इमारत, आमचा तिसरा मजला, वन बीएचके. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकाकांकडे आणि त्यांना अँटेना म्हटलं की मोबाइल टॉवरच दिसतो. गॅलरीसमोर कंपाउंडच्या कोपऱ्यात एक नारळ आहे, अंतर बारा-तेरा मीटर. सध्या ग्रिलच्या आत हातभर वायर लटकवली आहे. तिच्यावर ४० मीटर बँडला (नाव तरंगलांबीवरून, साधारण ७ मेगाहर्ट्झ) नुसती गुरगुर, शिवाय लोकल गेली की कडकड. मॅग्नेटिक लूप (छोटी, कड्यासारखी गोल अँटेना) घ्यावा का? बजेट पाच हजार.

चौदा_मेगा
दारात नारळ आहे आणि लूप कसला शोधताय!

४० मीटरचा नाद तूर्त सोडा. त्याला अर्ध्या तरंगलांबीची वायर वीस मीटर लागते, ती तुमच्याकडे मावत नाही. २० मीटर बँड धरा. वायरच्या लांबीचा हिशोब १४३ भागिले मेगाहर्ट्झ: १४३ भागिले १४.२, म्हणजे साधारण दहा मीटर. ही वायर मध्यातून न तोडता एका टोकाने फीड करायची (म्हणजे सेटची केबल त्या टोकाला जोडायची), गॅलरीतून नारळापर्यंत. हीच वायर २८ मेगाहर्ट्झलाही चालते, तो फुकटचा फायदा.

वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली एक चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड, रंग करडा. लाल घेतलीत तर काका दुसऱ्या दिवशी दारात. सुरुवातीला १० मीटर ३० सेंटिमीटर ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) बघत टोकाकडून बोट-बोट छाटत या. एकदम छाटू नका. मी छाटली होती.

ट्रान्सफॉर्मर घरीच गुंडाळा: एफटी १४०-४३ टोरॉइड (फेराइटचं कडं), प्रायमरीला २ वेढे, सेकंडरीला १४. सातचा वर्ग ४९, म्हणून वायरच्या टोकाच्या २४५० ओहमचे सेटला हवे तसे ५० होतात. प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा हाय व्होल्टेज कपॅसिटर. हे सगळं प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये, आणि बॉक्स ग्रिलच्या बाहेर. ग्रिल म्हणजे लोखंडी पिंजरा, आत काहीही लावलं तरी अर्धं त्यालाच नैवेद्य. मीटरभर वायर काउंटरपॉइज (प्रवाहाची परतीची वाट) म्हणून खाली सोडा आणि कोॲक्सवर, म्हणजे सेटच्या केबलवर, सेटच्या बाजूला फेराइटचा चोक (नको तो प्रवाह अडवणारा) घाला, नाहीतर माइक धरला की ओठाला चटका बसेल.

आता नारळ. तो झुलतो, त्यामुळे वायर खोडाला घट्ट बांधलीत तर पहिल्याच वादळी वाऱ्यात तुटणार. नारळ उतरवायला येणाऱ्या माणसाला शे-दोनशे देऊन वर एक कडी बांधून घ्या. वायरच्या टोकाला नायलॉनची दोरी, दोरी कडीतून खाली, आणि तिला लिटरची बाटली वाळू भरून. झाड हललं की बाटली वरखाली होते, वायरला ताण नाही.

वायरच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज असतं. दहा वॅटला दीडशेच्या आसपास, शंभर वॅटला पाचशे. कपडे वाळत घालताना कुणाचा हात लागता कामा नये. आणि कंपाउंडातून विजेची ओव्हरहेड लाइन जात असेल तर हा बेत मुळातच रद्द.

पेठेतला_लूप
लूपला इतकं हिणवू नका. मी पुण्यात पेठेत राहतो, खिडकीतून हात काढला तर समोरच्यांचा चहा उचलता येतो. नारळ कुठला, कुंडीलाही जागा नाही. एसीच्या तांब्याच्या पाइपचा मीटरभर व्यासाचा लूप केलाय. फिरवला की एखाद्या दिशेचा नॉइज चक्क दबतो, हे वायरला जमत नाही. पण जरा वारंवारता सरकवली की परत ट्यून करा, आणि शंभर वॅटला कपॅसिटरवर काही हजार व्होल्ट. झाड असतं तर मीही वायरच लावली असती.

मेन_स्विच
अँटेना नंतर, आधी गुरगुर शोधा. सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच पाडा. आवाज गेला तर चोर घरातच. मग एकेक एमसीबी चालू करत जा. एलईडीचे ड्रायव्हर, चार्जर, राउटरचे अडॅप्टर, हेच असतात बहुतेक वेळा.

टेपयागी
वायर होईपर्यंत हँडीवर (हातात धरायच्या छोट्या सेटवर) अंतराळ स्थानक ऐका. सुताराच्या पोलादी मेजपट्टीचे तुकडे आणि पीव्हीसी पाइप घेऊन तीन एलिमेंटचा यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) होतो, काम झालं की दाराआड उभा. स्थानकावरचा रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारा सेट) चालू असेल तेव्हा ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकायचं. डॉप्लरमुळे (वेगामुळे वारंवारता सरकते) स्थानक येताना १० किलोहर्ट्झ वर, जाताना तितकंच खाली. ग्रिलमधून नको, कंपाउंडात उतरा. दहा मिनिटांत स्थानक निघून जातं, चप्पल दारातच काढून ठेवा.

गॅलरीतली_लहर
तीन आठवड्यांनी अपडेट.

@मेन_स्विच, चोर सापडला: माशांच्या टाकीच्या दिव्याचा अडॅप्टर! बदलल्यावर गुरगुरीचा जोर सेटच्या सिग्नल मीटरवर एस ९ वरून एस ५ वर आला. लोकलची कडकड आहे तशीच आहे, तिला इलाज नाही.

वायर चढली. छाटून ९ मीटर ९० वर थांबले, १४.२ ला एसडब्ल्यूआर १.४. सगळं मिळून दोन हजारांच्या आत, त्यातले दोनशे नारळवाल्याचे. एफटी८ वर (संगणकाने पाठवायचे छोटे डिजिटल संदेश) इंडोनेशिया, संध्याकाळी इटली. आवाजावर पहिला क्यूएसओ (संपर्क) कोलकात्याशी झाला, हाताला एवढा घाम की पीटीटी (बोलायचं बटण) निसटत होतं.

काकांना वायर दिसलीच नाही. दिसली ती बाटली. "नारळाला सलाइन लावलंय का?" म्हणाले. परवान्याची प्रत दाखवली, दोन मिनिटं सेट ऐकवला. बाटली खोडासारखी तपकिरी रंगवा, एवढीच त्यांची अट.

आता २८ ला एसडब्ल्यूआर २.३ येतोय. अजून छाटू का, की २० मीटर बिघडेल?

चौदा_मेगा
कात्री खाली ठेवा! आधी कपॅसिटर तपासा, १०० पिकोचाच आहे ना? आणि ट्रान्सफॉर्मरचा फोटो टाका.