ध्रुव डोंगराआड, भिंगावर दव आणि दोन अमावास्या वाया: डीप-स्काय फोटोग्राफी टिकवायची कशी?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी नोकरीसाठी पुण्यात असते. माहेर ओतूरजवळच्या एका वाडीवर आहे. पुण्याच्या गच्चीवरून आता चांद्रबिंब आणि ग्रह सोडले तर फारसं काही हाती लागत नाही, म्हणून अमावास्येच्या जवळचा शनिवार-रविवार गाठून मी सगळं सामान घेऊन माहेरी जाते. सामान असं: ७२ मि.मी.चा रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण (फोकल लेंग्थ ४३० मि.मी.), सेकंडहँड घेतलेला इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार), २४ मेगापिक्सेलचा साधा क्रॉप सेन्सर डीएसएलआर, छोटा गाइडस्कोप आणि गाइड कॅमेरा (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारायला, म्हणजे गाइडिंगला), लॅपटॉप आणि १२ व्होल्टची बॅटरी.

मला अश्वमुख तेजोमेघ (हॉर्सहेड नेब्युला) काढायचा आहे. मृगाच्या बाणातला पूर्वेकडचा तारा, त्याच्या जरा दक्षिणेला. १८८८ साली हार्वर्ड वेधशाळेच्या काचेच्या प्लेटवर विल्यमिना फ्लेमिंग यांना तो पहिल्यांदा दिसला, हे वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाही. फोटोतच सापडलेली गोष्ट आपणही फोटोतच पकडावी असं वाटतं.

अडचण अशी की घराच्या उत्तरेला डोंगर आहे, अगदी अंगावर आल्यासारखा. ओतूरहून ध्रुव जेमतेम १९ अंशांवर, म्हणजे तो कायम डोंगराच्या मागे. खालच्या मळ्यात गेलं तर दिसतो, पण चारी बाजूंनी ऊस आहे आणि आमच्या भागात उसात बिबट्या असणं ही रोजची गोष्ट. अण्णा मला रात्री तिथे बसू देणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून गच्चीवरूनच काम चालतं. होकायंत्र आणि अक्षांशाची खूण यांवर माउंट लावते. पाच मिनिटांच्या फ्रेममध्ये तारे लांबट येतात, गाइडिंग चालू असूनही कोपऱ्यांतले तारे फिरलेले दिसतात.

त्यात रात्री एकच्या सुमारास भिंगावर दव. शिवाय हवामान. आश्विन अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन, वर्षातली चांगली काळी रात्र फटाक्यांच्या धुरात जाते. कार्तिक अमावास्येला संध्याकाळपर्यंत निळंशार होतं, मी माउंट लावून होईपर्यंत पूर्वेकडून ढग आले ते पहाटेपर्यंत हलले नाहीत. अण्णा थंडीत घोंगडी घेऊन माझ्यासोबत गच्चीवर बसतात, त्यांना "आज नाही जमलं" असं सांगताना फार वाईट वाटतं.

पावसाळ्याचे चार महिने या दिवसांची वाट पाहण्यात जातात. त्यानंतरही असं झालं की सगळं विकून टाकावं असा विचार येतो. ध्रुवाशिवाय पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे लावणं, नीट होतं का? दवाचं काय करता? आणि ढगांनी रात्र खाल्ली की पुन्हा सामान बांधून निघायची उमेद तुम्ही कुठून आणता? मार्गशीर्ष अमावास्येच्या आधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.

माळावरचा

ताई, विकू नका. तुमच्या सामानात काही कमी नाही. एकेक घेतो.

ध्रुव सोडून द्या. आपल्या अक्षांशावर तो दिसला तरी क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत असतो, आणि १९ अंशांवर वातावरणातल्या अपवर्तनाने सगळं जवळपास तीन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचललेलं दिसतं. लॅपटॉप आहेच, तर त्यावर निना हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि त्यातलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंटचं प्लगइन घ्या. ते आकाशाच्या मोकळ्या भागात तीन फोटो काढतं, प्रत्येक फोटोतले तारे ओळखतं आणि माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवापासून किती कला चुकलाय ते सांगतं. तुम्ही स्क्रू फिरवाल तसा आकडा बदलताना दिसतो. ध्रुवाकडे तोंड करायचीही गरज नाही.

हे करूनही हाताने खात्री करायची असेल तर ड्रिफ्ट पद्धत, म्हणजे तारा कुठे सरकतो ते पाहून अक्ष सुधारायचा. तुमच्यासाठी आकाशात अगदी सोयीचा तारा आहे. बाणाच्या तीन ताऱ्यांतला पश्चिमेकडचा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच बसलेला आहे. डिसेंबरच्या मध्यात रात्री आठला बाण पूर्वेला वीसेक अंशांवर असतो. डेक्लिनेशनचं (उत्तर-दक्षिण दिशेचं) गाइडिंग बंद ठेवून तो तारा पाहा. पूर्व-पश्चिम हालचालीकडे लक्ष देऊ नका. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. डावी-उजवी बाजू तपासायला त्याच वेळी दक्षिणेला मेरिडियनजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), विषुववृत्तालगतचा एखादा तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला गेलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. आधी डावी-उजवी, मग उंची, मग पुन्हा एकदा डावी-उजवी. पीएचडी२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळी खिडकी आहे.

आता पाच मिनिटांच्या फ्रेमबद्दल. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल साधारण ३.७ मायक्रॉनचा असणार. ४३० मि.मी.ला एका पिक्सेलमध्ये सुमारे १.८ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) बसतात. अक्ष पाच कलांनी चुकला असेल तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १.३ विकला सरकतो. म्हणजे एका मिनिटात पिक्सेलभरही नाही, पाच मिनिटांत साडेतीन पिक्सेल. गाइडिंग एक तारा धरून ठेवतं, पण बाकीचं चित्र त्याच्याभोवती फिरतं, तेच तुमच्या कोपऱ्यांत दिसतंय. म्हणून फ्रेम साठ ते नव्वद सेकंदांची ठेवा, आयएसओ ८०० किंवा १६००. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटला की पुरे. लहान फ्रेम असली की ढग, वारा, उपग्रह यांनी बिघडवलेली एक फ्रेम टाकून देता येते, पाच मिनिटं वाया जात नाहीत. उपग्रहांच्या रेघा तर स्टॅकिंगमध्ये (फ्रेम एकावर एक रचून जोडताना) सिग्मा क्लिपिंग (वेगळे पडणारे पिक्सेल गाळणं) लावलं की निघून जातात, फक्त फ्रेम भरपूर हव्यात.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका रात्रीत एक फोटो पुरा करायचा हा हिशेब मोडून टाका. तेजोमेघ जागचा हलत नाही. मार्गशीर्षात तासभर मिळाला, पौषात दोन तास मिळाले, माघात अर्धाच तास मिळाला, तरी सगळ्या फ्रेम एकाच दिशेने, एकाच फोकल लेंग्थला असतील तर सिरिल हे सॉफ्टवेअर त्या एकत्र जुळवतं. पुढच्या वर्षीच्याही त्यात घालता येतात. गोंगाट (चित्रातले दाणे) कमी होतो तो एकूण वेळेच्या वर्गमुळाने: एका तासाचे चार तास झाले की चित्र दुप्पट स्वच्छ होतं, आणि ते चार तास एकाच रात्रीचे असायला हवेत असं आकाशाचं काही म्हणणं नाही. प्रत्येक रात्रीचे फ्लॅट्स (एकसारख्या उजेडावर काढलेले दुरुस्तीचे फोटो) मात्र त्या त्या रात्रीच काढा, कॅमेरा न हलवता. कॅमेरा कोणत्या कोनात लावला होता याची खूण रिफ्रॅक्टरवर करून ठेवा. मी हे करायला लागल्यापासून ढगाळ रात्रीचा त्रास निम्म्याहून कमी झाला. वीस मिनिटं आकाश उघडलं तरी खात्यात वीस मिनिटं जमा होतात, आणि अण्णांनाही सांगता येतं की आज एवढं मिळालं.

निघण्याआधी हवामानशास्त्र विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची इन्फ्रारेड चित्रं पाहत जा. दर अर्ध्या तासाला नवं येतं. चार-पाच चित्रं ओळीने पाहिली की ढग कुठून कुठे चाललेत ते कळतं. धुकं आणि अगदी खालचे ढग त्यात नीट उमटत नाहीत, कारण त्यांचं तापमान जमिनीच्या जवळपास असतं. अवकाळी पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र मोकळी असेल तर ती सोडू नका, धूळ बसलेली असते.

गुहागरी

दवाबद्दल मी बोलतो, कारण आमच्याकडे ते बाराही महिने आहे.

भिंग उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं, म्हणून रुमालाने पुसून काही होत नाही. पुसू तर नकाच, कोटिंग खराब होतं. ड्यू हीटरची पट्टी भिंगाच्या लगेच मागे, नळीभोवती गुंडाळा आणि दव येण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच चालू करा. भिंग हवेपेक्षा एक-दोन अंश गरम राहिलं की पुष्कळ. गाइडस्कोपलाही एक पट्टी हवी. लोक मोठी दुर्बीण कोरडी ठेवतात आणि गाइडस्कोप धुकट होऊन तारा हरवतो. यूएसबीवर चालणारी पट्टी वेगळ्या पॉवर बँकेवर ठेवा. माउंटच्या बॅटरीवर सगळा भार टाकला की पहाटे व्होल्टेज पडतं आणि माउंट मध्येच विचित्र वागायला लागतो. ते माउंटचं दुखणं समजून लोक दुरुस्तीला पाठवतात.

तुमच्याकडे भोवती पाणी दिलेला ऊस आहे, त्यामुळे हवा ओलीच राहणार. गच्ची जमिनीपेक्षा बरी, कारण थंड ओली हवा खाली साचते. पण स्लॅबवर कुणी चाललं की फ्रेम हलते, तेव्हा अण्णांची खुर्ची ट्रायपॉडपासून लांब, शक्यतो खालच्या भिंतीच्या वर येईल अशी ठेवा.

पावसाळ्यात सगळी भिंगं हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. आत एक साधा आर्द्रतामापक टाका, चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राहिलं पाहिजे. बुरशी एकदा काचेत शिरली की निघत नाही.

लीड्सवासी

ताई, मी मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडात लीड्सला. इथे ध्रुव ५४ अंशांवर झळकतो, अलाइनमेंट पाच मिनिटांत होते. पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे पूर्ण काळोखच होत नाही, सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जातच नाही. हिवाळ्यात रात्र लांब, पण ढग हटत नाहीत. आणि तुमचा अश्वमुख इथून जास्तीत जास्त ३४ अंशांवर चढतो. तुमच्या वाडीवरून तो ६८ अंशांवर येतो. म्हणजे त्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या जेमतेम १.१ पट हवेतून तुमच्याकडे पोचतो, माझ्याकडे १.८ पट हवेतून. मृग काढायला मी दर वर्षी सातारची रजा याच दिवसांत टाकतो. तुम्ही योग्य जागी आहात एवढंच सांगायचं होतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वेगवेगळ्या रात्रींच्या फ्रेम एकत्र जोडता येतात हे मला माहीत होतं, पण मुळात तशीच आखणी करायची असा विचार कधी केला नव्हता. आज अण्णांनाही वाचून दाखवलं. "म्हणजे दूध डेअरीत घालतो तसं, रोजचं रोज थोडं," असं म्हणाले.

अजून दोन शंका. माझा डीएसएलआर मॉडिफाय केलेला नाही (आतलं फिल्टर बदललेलं नाही), तर अश्वमुख जमेल का, की हट्ट सोडू? आणि मेरिडियन ओलांडल्यावर दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरते तेव्हा माउंटचं तोल साधणारं वजन ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला टेकतं, त्यामुळे रात्री मी डोळा लावू शकत नाही. दुकानदाराने "सगळीकडे चालतो" असं सांगून दिला होता.

माळावरचा

वजनाचं आधी. हा आपल्या अक्षांशाचाच त्रास आहे. अक्ष जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे वजनाचा दांडा थेट खाली, ट्रायपॉडला घासत जातो. युरोपात तो पायांपासून दूर राहतो. एक पाय दक्षिणेला आणि दोन पाय उत्तरेला फाकवून ठेवता आले तर वजन त्या दोघांमधून जातं. तुमच्या ट्रायपॉडवरची, माउंटची दिशा ठरवणारी खुंटी काढून बसवता येते का पाहा. नसेल तर एका वजनाऐवजी दोन वजनं (एकूण भार आधीपेक्षा जास्त, म्हणजे तोल राहील) दांड्यावर वर, माउंटच्या जवळ लावा, टोक मोकळं राहील आणि दांडा लहान असेल तर बदलूनही घेता येईल. तेही जमलं नाही तर ट्रायपॉड आणि माउंटच्या मध्ये फूटभराचा खांब मिळतो, गावातला लेथवालाही करून देईल. काहीही केलंत तरी दिवसा, दुर्बीण न लावता, दांडा पूर्ण फिरवून कुठे टेकतो ते बघून घ्या.

कॅमेऱ्याबद्दल. अश्वमुखाच्या मागचा लाल पडदा हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा आहे आणि साध्या डीएसएलआरमधलं फिल्टर त्यातला बराचसा अडवतं. जमेल, पण वेळ जास्त लागेल. मॉडिफाय केलेल्या कॅमेऱ्याने दोन तासांत जे दिसतं त्यासाठी तुम्ही पाच-सहा तास धरा. रात्रींचं खातं उघडायला हाच विषय योग्य आहे, हट्ट सोडू नका. डिसेंबरच्या मध्यात मृग मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या आसपास मेरिडियनवर येतो. त्याआधी संध्याकाळपासून बसून राहण्यापेक्षा दहा-अकराला कृत्तिका घ्या, तेव्हा ती बरोबर डोक्यावर असते. तिच्याभोवतीचा निळा धूसरपणा परावर्तित प्रकाशाचा आहे, साध्या कॅमेऱ्याला तो छान दिसतो. दीड तासात अण्णांना स्क्रीनवर दाखवण्यासारखं काहीतरी नक्की हाती येईल.

अलाइनमेंटचा आकडा किती आला ते इथे टाका. पाच कलांच्या आत असेल तर थेट सुरू करा, दहाच्या वर असेल तर मला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रानजाई

खुंटी काढता येते, आत्ताच पाहिलं. शनिवारी दुपारीच निघते म्हणजे उजेडात वजन फिरवून बघता येईल. ड्यू हीटरच्या दोन पट्ट्या मागवल्यात, एक गाइडस्कोपला. आकडा रविवारी सकाळी टाकते.