चकचकीत आवाजाचा स्पीकर घ्यावा की मऊ आवाजाचा? मदत हवी आहे

मंडळी, १२ बाय १० फुटांच्या हॉलसाठी ५.१ सेट (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) घ्यायचाय. दुकानात दोन ऐकले. पहिल्यात टाळ-झांजा अगदी लखलखीत, पण अर्ध्या तासात कान किटले. दुसरा मऊ, डग्गा छान घुमतो, मात्र संवादातले 'स', 'श' दबल्यासारखे. त्यात विक्रेत्याने पहिल्याचा आवाज जरा मोठा ठेवला होता (नंतर लक्षात आलं!), आणि मोठा आवाज नेहमी सरसच वाटतो. आमच्याकडे गुळगुळीत फरशी, मोठी काच, पडदे नाहीत. तिथे पहिला अजूनच टोचेल ना? पुन्हा ऐकताना सबवूफर बंद ठेवू, की क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून ऐकू? आणि सेंटर स्पीकरची (संवाद ऐकवणारा मधला स्पीकर) पारख तुम्ही कशावर करता, बातम्यांवर की नाटकाच्या रेकॉर्डिंगवर?