झावळ्या भिजवूनच झापं विणा

माडाच्या झावळ्या चुलीत घालण्यापलीकडे कामाच्या नाहीत, त्यांची झापं, म्हणजे विणलेले आडोसे, लगेच कुजतात, असं काहीजण म्हणतात. पटलं नाही. सुकी झावळी तशीच विणली तर पाती मोडतात आणि झाप टिकत नाही, हे खरं. आमच्याकडे गुहागरला मे अखेरीस आई झावळी मधोमध उभी चिरते आणि तीन-चार दिवस डोणीत, म्हणजे पाण्याच्या टाकीत, दगडाखाली बुडवून ठेवते. मग पाती चामड्यासारखी लवतात, एक वर एक खाली घेत वीण घट्ट बसते, टोकांची शेवटी वेणी घालायची. मिरगाआधी ही झापं पडवीच्या पश्चिमेला बांधली की तिरकी झड आत येत नाही, सरपण कोरडं राहतं.

उरलेल्या पात्यांचे हीर, म्हणजे मधल्या कडक काड्या, सोलून खराटा बांधा. विकतच्यापेक्षा कितीतरी चांगला होतो.